आसगावची बर्फगाडी

मी बर्फावर काम करते असं सांगितलं की आमच्याकडचे लोक आधी माझ्या तोंडाकडे पाहतात आणि मग विचारतात, "आइस्क्रीमच्या कंपनीत का?" भंडारा जिल्ह्यातल्या माणसाला बर्फ माहीत आहे तो लादीचा. मासळीवर टाकायचा, नाहीतर लग्नात सरबतात घालायचा. माझा बर्फ हिमालयात असतो आणि दर वर्षी थोडा थोडा कमी होतो. किती कमी होतो ते मोजणं हे माझं काम. हिमनदीत खोल भोकं पाडून बांबूचे लांब खुंट रोवायचे आणि पुढच्या खेपेला त्यातला किती खुंट उघडा पडला ते पट्टीने मोजायचं. पहिल्यांदा हे समजावून सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले होते, "म्हंजे तूबी रोवणीच करून रायली ना!" त्यानंतर मी कोणाला यापेक्षा चांगलं समजावून सांगू शकलेली नाही.

मोजणं सोपं आहे. कठीण आहे ते सामान वर नेणं. तंबू, शिधा, स्टोव्ह, भोकं पाडायचं यंत्र आणि ते बांबू, सगळं पाठीवर. मागच्या एका खेपेला उतरताना पाय घसरला आणि पाठीवरच्या ओझ्यासकट मी एका दगडावर बसले. कण्यातल्या दोन मणक्यांमधली गादी सरकली. डॉक्टरांनी पट्टा दिला, व्यायाम दिले आणि पुढे कधीही पाठीवर ओझं घ्यायचं नाही अशी ताकीद दिली. मी पट्टा बांधून आसगावला घरी आले. चौथ्या दिवशी आई चुलीपुढे बसल्या बसल्या म्हणाली, "आता पुरे झालं. तिकडं जायचं नाई म्हंजे नाई."

आमच्या घरात आईचं नाही हे नाहीच असतं. ती आवाज चढवत नाही, वाद घालत नाही. बाबा बैलांशीसुद्धा वाद घालतात आणि हरतात. माझा राग नाकावर असतो, तो बाबांकडून आलाय. आईकडून काय आलंय याचा मी बरीच वर्षं विचारच केला नव्हता.

जुलै महिन्यात सरांचा फोन आला. सर म्हणजे आमच्या चमूचे प्रमुख. सप्टेंबरच्या शेवटी वर जायचं ठरत होतं. खालच्या तळापर्यंत खेचरं जातात. पुढचे दोन दिवस बर्फावरून चालायचं, तिथे खेचरं चालत नाहीत आणि त्या वर्षी हमालही मिळणार नव्हते. प्रत्येकाने आपला वाटा, साधारण चाळीस किलो, स्वतः न्यायचा.

"पाठीवर मी तुला घेऊ देणार नाही," सर म्हणाले. "ओढून नेऊ शकलीस तर ये. नाही जमलं तर खालच्या तळावर बसून नोंदी कर."

आमच्याकडे ओढायची एक परदेशी गाडी होती. बोटीसारखी, बिनचाकांची, बर्फावरून घसरत जाणारी. तिला मधोमध तडा गेला होता आणि नवी वेळेत येणार नव्हती. सगळ्यात वरचे तीन खुंट मी माझ्या हातांनी रोवले होते. पाच वर्षं त्यांच्या नोंदी एकही खंड न पडता आल्या होत्या. बर्फाचं असं आहे, की या वर्षीचं माप या वर्षीच घ्यावं लागतं. मला वर जायचंच होतं. आई नाही म्हणत होती, पाठ नाही म्हणत होती आणि आता सर अर्धवट नाही म्हणत होते.

रोवणी, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाली होती. घरातली सगळी माणसं बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांत, गुडघाभर चिखलात आणि मी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, प्लास्टिकची खुर्ची टाकून बसलेली. शेतकऱ्याची तरणी मुलगी धुऱ्यावर खुर्चीत, म्हणजे गावाला फुकटचा तमाशा. येणारी-जाणारी प्रत्येक बाई विचारायची, "कायले बसली वं?" मी प्रत्येकीला पाठीची कथा सांगून सांगून चिडले होते.

आई पऱ्हे ओढत होती. पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. एका बांधीत दाट वाढवायची, उपटून पेंड्या बांधायच्या आणि रोवायच्या बांधीत नेऊन टाकायच्या. ओल्या मुळांना चिखल लागलेला असतो, त्यामुळे पेंड्या भल्या जड होतात. आमच्याकडे पूर्वी त्या डोक्यावर न्यायचे. आईने काही वर्षांपूर्वी एक निळं प्लास्टिकचं पिंप उभं चिरलं होतं, त्याच्या एका टोकाला दोन भोकं पाडून दोर ओवला होता आणि त्या अर्ध्या पिंपात पेंड्या रचून ती ते चिखलातून ओढत न्यायची. आधी बायका हसल्या. दुसऱ्या वर्षी गावात चिरायला पिंप उरलं नाही.

मी ते दर वर्षी पाहत आले होते. पण त्या दिवशी खुर्चीत दुसरं काही काम नव्हतं म्हणून नीट पाहिलं. दोर तिने खांद्यावर घेतला नव्हता. कमरेलाही नाही. कमरेच्या खाली, खुब्याच्या हाडांवर जुन्या धोतराची जाड घडी गुंडाळली होती आणि दोर त्या घडीला बांधला होता. किंचित पुढे झुकून ती चालत होती, दोन्ही हात मोकळे, आणि चालता चालता शेजारणीशी बोलत होती. तीस-चाळीस पेंड्या तिच्या मागून निमूट येत होत्या. पन्नाशी उलटलेल्या त्या बाईच्या पाठीला काहीही होत नव्हतं.

मी खुर्चीतून ओरडले, "आई, थांब! तशीच उभी राहा!"

ती थांबली. "काय झालं? साप हाय का?"

मी बाबांचा हुकाचा वजनकाटा मागवला, तो दोराच्या मध्ये अडकवला आणि आईला पुन्हा चालायला लावलं. काट्यावर पेंड्यांच्या वजनाच्या मानाने ओढ किती कमी येत होती ते पाहून मला उठून नाचावंसं वाटलं. पाठीमुळे नाचले नाही. सरांच्या फोनचं सगळं मी आईला तिथेच, चिखलात उभ्या उभ्या सांगून टाकलं. तिने ऐकून घेतलं. मग दोर पुन्हा हाडांवर नीट बसवला आणि म्हणाली, "माझं नाई तं नाईच हाय. पिंप पायजे तं घेऊन जा."

मग मी जे केलं त्याची मला आजही लाज वाटते, आणि गावाला आजही मजा वाटते. मी पवनीच्या बर्फाच्या कारखान्यातून बारा लाद्या मागवल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धानाचं तूस पसरून, त्यावर लाद्या, त्यावर पुन्हा तूस, अशी ती वरात भर ऑगस्टच्या उकाड्यात आमच्या अंगणात आली. लाद्या एकीला एक लावून मी बर्फाचा रस्ता केला. पिंपात धानाचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, ठेवला, दोर हातात घेतला आणि ओढला. पिंप असं सुटलं की तुळशीपुढच्या रांगोळीवरून थेट गोठ्याच्या दारात जाऊन थांबलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारच्या काकूंनी मला एका बोटाने ओढून दाखवायला सांगितलं आणि मी एका बोटाने ओढून दाखवलं. बाबा प्रत्येक येणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. कोणीतरी घरून ग्लास आणि साखर आणली. मी फोनवर चित्रफीत काढली आणि सरांना पाठवायला मजकूर लिहायला घेतला : घर्षण जवळजवळ शून्य.

आई लादीपाशी उकिडवी बसली होती. तिने तळवा बर्फावर ठेवला, उचलला, पदराला पुसला.

"हा बर्फ तं रडून रायला," ती म्हणाली. "तुया तिकडचाबी असाच रडते का?"

"आई, बर्फ म्हणजे बर्फ. मी शिकलेय ते," मी म्हणाले. सगळ्यांच्या देखत म्हणाले. ती उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं. फ्रिजच्या वरच्या बर्फाच्या कप्प्यात तिने एक स्टीलची थाळी ठेवली होती. रात्री तिच्यात पाणी घातलं होतं, त्याचा बर्फ झाला होता, आणि त्यावर पिंपाचा दोन बोटं रुंद तुकडा ठेवून त्याच्यावर वरवंटा ठेवला होता. "ढकल," ती म्हणाली. मी कप्प्यात हात घालून बोटाने ढकललं. तुकडा हलला, पण कुरकुर करत, अडत अडत. मग तिने थाळी बाहेर काढून ओट्यावर ठेवली. थोड्या वेळाने बर्फावर ओल आली. "आता ढकल." बोट लागताच तुकडा वरवंट्यासकट घसरला.

"पाणी सुटलं का सरकते," ती म्हणाली. "पाणी नाई सुटलं तं अडते. तुया तिकडं पाणी सुटते का?"

नाही सुटत. सप्टेंबरच्या शेवटी सकाळी आम्ही निघतो तेव्हा शून्याच्या खाली दहा-पंधरा अंश असतं. बर्फ कोरडा ठणठणीत असतो आणि त्यावर ताजा भुरभुरीत थर असतो, रव्यासारखा. त्यावरून काही ओढणं म्हणजे वाळूतून ओढणं. हे मला माहीत होतं. मी हे वर्गात शिकवलं आहे, फळ्यावर आकृती काढून. आणि तरी आमच्या घामेजलेल्या अंगणात वितळत्या लाद्यांवर पिंप पळताना पाहून मी टाळ्या घेतल्या होत्या. वर गेले असते तर पहिल्याच सकाळी पिंप जागच्या जागी रुतून बसलं असतं, आणि मीही. आईला हिमनदीचं चित्रही धड माहीत नव्हतं. तिने फक्त लादीला हात लावला होता.

मी म्हणाले, "आई, कालचं माफ कर."

"त्याले काय," ती म्हणाली. "मंग कोरड्या कायवर ओढून पायचं, ते सांग."

इथे मला थांबून विचारायला हवं होतं की तुझ्या नाहीचं काय झालं. मी विचारलं नाही. ती कामाला लागली होती आणि तिला थांबवायची माझी छाती नव्हती.

वाळू हवी होती, पण वैनगंगा तेव्हा दुथडी भरून वाहत होती. वाळू होती ती सगळी पाण्याखाली. आईने खोलीतल्या धानाच्या कट्ट्यांकडे पाहिलं आणि चार कट्टे ओसरीवर ओतायला लावले. बाबा कळवळले. कोरडं, गोल, पायाखालून सरकणारं धान. त्याच्यावर पिंप ठेवून ओढलं तर पिंपाचं तोंड धानात घुसलं आणि पुढे धानाचा ढिगारा साचला. काट्याचा काटा पार शेवटाला गेला. आईने मान डोलावली. तिला हेच पाहायचं होतं.

त्यानंतरचे पाच आठवडे आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. रोवणी संपली होती, निंदणीला अवकाश होता. पिंप संपूर्ण नको, त्याचं प्लास्टिक फक्त तळाला हवं, असं आईचं मत पडलं. बाबांनी बांबू चिरून दोन रुंद पट्ट्या तासल्या, त्यांची टोकं विस्तवावर शेकून वर वळवली, म्हणजे तोंड धानात घुसणार नाही. पट्ट्यांच्या खाली पिंपाचं प्लास्टिक लावलं. वर बांबूचाच सांगाडा. खिळे मारायचे नाहीत, थंडीत बांबू खिळ्यापाशी फुटेल, हे मी सांगितलं. माझी विद्या तेवढ्यापुरती उपयोगी पडली. आईने तलावावरच्या मासेमारांकडून जाळ्याची नायलॉनची दोरी आणली आणि पेंडीला मारायची तशी गाठ मारून सांधे बांधले. ती गाठ ओढू तितकी घट्ट होते आणि एका झटक्यात सुटते. हातमोजे घालूनही सुटते का, ते पाहायला तिने हातात जाड पायमोजे चढवून गाठी सोडल्या.

बाबांना गाडी मजबूत हवी होती. त्यांनी आयुष्यभर बैलबंडी वापरली आहे, गाडी म्हटलं की त्यांना धुरा, साठी असे बंडीचे जाड भाग आणि लोखंडी पट्ट्या दिसतात. ते एक आडवी पट्टी घालायचे, आई येऊन तिच्यावर बोट ठेवायची.

"हे कायले?"

"मजबुतीले!"

"काढून पाहा."

काढलं की गाडी तशीच उभी राहायची. मग पुढची पट्टी. "हे कायले?" बाबा चिडून एकदा म्हणाले, "अवं, समदंच काढ ना! पोट्टीच्या खांद्यावरच दे मंग सामान!" आई म्हणाली, "तेच तं नाई द्यायचं म्हून करून रायली." पहिली गाडी काट्यावर अकरा किलो भरली होती. तिसरी पाचच्या आत आली. मी अनेक हुशार माणसांच्या हाताखाली काम केलं आहे. त्यांना वस्तूत काय घालायचं ते कळत असे. काय काढायचं ते कळणारं माणूस मी माझ्या घरात पाहिलं, आणि तेही तिशीनंतर.

धानावर गाडी चालायला लागली. सहज नाही, पण चालायला लागली. मग उताराची परीक्षा. पवनीच्या वाटेवर एक राइस मिल आहे, तिच्यामागे तुसाचा हा एवढा डोंगर असतो. मिलवाल्यांनी आधी आम्हाला वेडं ठरवलं आणि मग खुर्च्या टाकून बसले. मी खुब्यांवर धोतराची घडी बांधली, चाळीस किलोचा कट्टा गाडीवर बांधला आणि ढिगाच्या उतारावर आडवी चालू लागले. दहा पावलं छान गेली. अकराव्या पावलाला गाडी बाजूला घसरली, खाली निघाली आणि दोरासकट मलाही घेऊन गेली. मी कुशीवर पडले. तूस नाकात, कानात, सगळीकडे. पाठीत एक कळ आली आणि मी हललेच नाही. मला वाटलं, झालं, संपलं.

आई धावत वर आली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. तिने मला हात लावला नाही, फक्त म्हणाली, "पाय हालव." मी पाय हलवला. "दुसरा." दुसराही हलवला. ती तिथेच तुसात बसली. मिलवाल्यांनी पाणी आणलं.

मला वाटलं, आता ती गाडी चुलीत घालेल. तसं करायला तिला कोणी अडवलं नसतं. मीसुद्धा नाही, त्या दिवशी तरी नाही. घरी आल्यावर ती गाडी उलटी करून अंगणात बसली आणि तिच्या तळाकडे बघत राहिली. दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा दोर गेला होता. त्याच्या जागी बांबूच्या दोन ताठ दांड्या होत्या. दोराने गाडी आवरत नाही, दांड्यांनी आवरते, ती पुढेही येत नाही आणि बाजूलाही पळत नाही. आणि दोन्ही पट्ट्यांच्या मागच्या टोकाला, तळाशी, विळ्याचं एकेक जुनं पातं बसवलं होतं. बोटाच्या पेराएवढंच खाली आलेलं, सरळ जाताना न अडवणारं, बाजूला जायला लागलं की रुतणारं.

"हे डोक्यात कसं आलं?" मी विचारलं.

"डोक्यात कायचं आलं. घसरते तं रोवून धरलं," ती म्हणाली.

या वेळी तिने मला ढिगावर जाऊ दिलं नाही. स्वतः साडीचा काष्टा घातला, घडी स्वतःच्या खुब्यांवर बांधली आणि ती गाडी घेऊन तुसाच्या डोंगरावर आडवी गेली, परत आली, वरून खाली आली, पुन्हा वर गेली. मिलवाले आता हसत नव्हते. एकाने उठून तिला विचारलं की कट्टे न्यायला अशी एक मिलसाठी करून द्याल का. मी खाली उभी राहून तिच्याकडे पाहत होते आणि माझे डोळे भरून येत होते. मला तिचा अभिमान वाटत होता, इतका की राग यायला लागला. हे सगळं तिला येत होतं आणि एवढी वर्षं कोणी तिला विचारलं नव्हतं. मीही नाही.

निघायच्या दिवशी तिने गाडीच्या गाठी सोडून तिची मोळी केली आणि जुन्या चादरीत शिवली. 'जा' असं ती म्हणाली नाही. दारात उभी राहून नुसतं म्हणाली, "घडी हाडावर बांधजो. कमरेवर नाई." तिचं नाही तसंच होतं. ते ती मागे घेत नव्हती आणि मी ते ओलांडून जात होते, हे आम्हा दोघींना कळत होतं. नागपूरपर्यंत मी त्या मोळीवर हात ठेवून बसले आणि मला अजिबात आनंद होत नव्हता.

तळावर सरांनी गाडी जोडताना पाहिली. एका हाताने उचलली, खाली ठेवली, उलटी करून विळ्याच्या पात्यांवरून बोट फिरवलं. आमच्याबरोबर तिथला एक वाटाड्या होता, ज्याचं आयुष्य त्या बर्फावर गेलं होतं. त्याने एक गाठ सोडून पुन्हा बांधायचा प्रयत्न केला, त्याला ती जमली नाही, तेव्हा त्याने हिंदीत विचारलं, "ये किसने बनाया?" मी म्हणाले, "मेरी माँ ने." त्याने विचारलं की तिचं गाव कोणत्या पहाडात आहे. आमच्या गावात पहाड नाही म्हटल्यावर त्याचा विश्वास बसला नाही.

पहाटे निघालो. थंडी अशी की नाकातला श्वास टोचत होता. पायाखाली बर्फ करकरत होता, कोरडा, भुरभुरीत. मी घडी हाडांवर बांधली, पुढे झुकले आणि पाऊल टाकलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग मागे गाडी हलली आणि यायला लागली. जड होती, श्वास लागत होता, दर शंभर पावलांनी थांबावं लागत होतं, पण ओझं हाडांवर होतं आणि पाठ मोकळी होती. दुपारनंतर एक लांब आडवा उतार आला. तिथे मी घाबरले, हे कबूल करते. पाती रुतली. गाडी मागून सरळ रेषेत येत राहिली. सर पुढे उभे राहून बघत होते. उतार संपला तेव्हा ते एवढंच म्हणाले, "चल." दुसऱ्या दिवशी दुपारी मी माझ्या सगळ्यात वरच्या खुंटापाशी पोचले. पट्टी लावून माप घेतलं, वहीत लिहिलं, आणि मग खुंटाला धरून मी मोठ्याने रडले.

फोनला रेंज मिळाली ती खाली उतरून आल्यावर, सहाव्या दिवशी. मी आईला लावला. सगळं सांगितलं. पहिली सकाळ, आडवा उतार, तिन्ही खुंट, गाठ न जमलेला वाटाड्या. मला वाटलं फोन कटला.

"आई, ऐकतेस ना?"

"आयकून रायली. पाठ?"

"ठीक आहे. एकदाही दुखली नाही."

"मंग काय दुखलं?"

तिच्यापासून लपवण्यात अर्थ नव्हता. "उतरताना मागचं पाऊल उचललं की गाडी टाचेशीच असायची. पट्ट्यांची टोकं टाचांना लागली. थोडं सोललं आहे, फार नाही."

मागे बाबा काहीतरी विचारत होते, तिने त्यांना थांबवलं असावं. मी वाट पाहत होते. आता ती म्हणेल, झालं ना मोजून, आता पुरे. तिला तो हक्क होता आणि या वेळी मी वाद घालणार नव्हते.

"दांड्या आखूड झाल्या," ती म्हणाली. "पुढच्या साली वीतभर लांब ठेवू."